पांढऱ्या पाण्याचा हिशेब

बऱ्हाणपुरात कारखान्याचं पाणी म्हटलं की माणूस आधी रंग शोधतो. नाल्यातून लाल-निळं काही वाहताना दिसलं की मोबाइल बाहेर निघतो, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, संध्याकाळपर्यंत कुणीतरी निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत पोचतं. तेच पाणी पांढुरकं, ताकाच्या निवळीसारखं असलं तर बघणारा म्हणतो, साबणाचं असेल. आधी एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये आणि मग दहा ठिकाणच्या फायली सांभाळण्यात माझी नोकरीधंद्याची वर्षं गेली. या पांढऱ्या पाण्यानं मला जितकं पळवलं तितकं कुठल्याच रंगानं पळवलं नाही.

ते पाणी कुठून येतं हे कळायला लूमपासून सुरुवात करावी लागते. लूमवर ताण्याचं सूत सारखं घासलं जातं, झटक्यानं ओढलं जातं. ते तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. सायझिंगवाला मक्याचा स्टार्च किंवा चिंचोक्याची पूड मोठ्या कढईत शिजवतो, त्यात सूत मऊ राहायला थोडं तेल-मेण घालतो, शेकडो धागे त्या गरम खळीतून काढून वाफेच्या सिलिंडरवर सुकवतो आणि बीमवर गुंडाळून लूमवाल्याकडे पाठवतो. लूमवाला विणतो. कोरं कापड मग प्रोसेसला येतं आणि प्रोसेसचं पहिलं काम काय, तर सायझिंगवाल्यानं एवढ्या निगुतीनं घातलेली खळ काढून टाकणं. कारण खळ असेपर्यंत कापड ना ब्लीच नीट घेतं ना रंग. एन्झाइम घालून कापड भिजत ठेवायचं, मग धुवायचं. एकानं घालायचं, दुसऱ्यानं काढायचं आणि मधल्या सगळ्याचा स्टार्च गटारात.

स्टार्च म्हणजे अन्नच. म्हणूनच तो पाण्याला महाग पडतो. पाण्यातले जीवाणू तो आवडीनं खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. जितका स्टार्च जास्त तितका ऑक्सिजन लवकर संपतो. ऑक्सिजनच्या या मागणीलाच आम्ही बीओडी म्हणतो. ज्या प्रोसेसमध्ये खळ काढण्यापासून रंगाईपर्यंत सगळं होतं, तिथल्या सांडपाण्याच्या एकूण बीओडीपैकी निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या खळ काढण्याचा असतो. रंगाचा वाटा त्या मानानं किरकोळ. रंगाचे त्रास वेगळे आहेत, तो सहजासहजी कुजत नाही, पाण्यात ऊन शिरू देत नाही. पण मासे तोंड वर काढून धापा टाकायला लागतात ते बहुतेक वेळा न दिसणाऱ्या गोष्टीमुळे. एका सेठनं मला फार मनापासून विचारलं होतं, "भाईसाब, ये तो आटे जैसी चीज है, मछली खाएगी तो मोटी होगी ना?" त्यांची चेष्टा करावी असं मला कधी वाटलं नाही. शाळेत प्रदूषण शिकवताना आपण धूर, रंग आणि दुर्गंधी या तीनच गोष्टी शिकवतो.

बीओडी काढणं हे काम सबुरीचं. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली, तिचं बूच घासून बसवलेलं, आत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये. एका बाटलीतला ऑक्सिजन लगेच मोजायचा, दुसरी 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवायची. पाश्चात्त्य पुस्तकांत 20 अंशांला पाच दिवस असतात, आपल्याकडच्या हवेला ते जमत नाही म्हणून आपण तीन दिवसांवर आलो. ऑक्सिजन मोजताना मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं की बाटलीत तपकिरी गाळ धरतो. ऑक्सिजन नसेल तर तो पांढराच राहतो. पांढरा गाळ दिसला की पुढचं टायट्रेशन न करताही कळतं की या पाण्यात काही राहिलं नाही. टायट्रेशनच्या शेवटी जे दोन थेंब टाकायचे तो इंडिकेटर पुन्हा स्टार्चच. निळा होतो, मग एकाच थेंबाला बिनरंगी. आमच्या लॅबमध्ये स्टार्चनं केलेला गुन्हा स्टार्चच्याच साक्षीनं सिद्ध व्हायचा.

कापड उद्योगाच्या सांडपाण्याला 2016 साली जे नवे मापदंड लागले त्यांत बीओडी लिटरला 30 मिलिग्रॅम, सीओडी, म्हणजे रसायनानं मोजलेली ऑक्सिजनची मागणी, 250, विरघळलेले क्षार 2100 आणि पहिल्यांदाच रंगाला आकडा आला, 150 युनिट. आकडे वाचायला सोपे. खळीचं पाणी जेव्हा हौदात पडतं तेव्हा त्याचा बीओडी हजारांत असतो आणि तो 30 वर आणायचा असतो. मधलं सगळं अंतर ईटीपी कापतो, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र, ज्याला आमच्याकडे सेठपासून हमालापर्यंत कुणीही ईटीपीखेरीज दुसरं नाव वापरत नाही.

मी लॅबमध्ये लागलो तेव्हा माझं काम कॉस्टिक आणि पेरॉक्साइडची ताकद तपासणं, शेड जुळवणं एवढंच होतं. ईटीपी गळ्यात पडला तो "केमिस्ट आहेस ना, मग तूच बघ" या न्यायानं. पर्यावरणाचं खातं बहुतेक लहान कारखान्यांत असंच जन्माला येतं. पद नाही, पगारात फरक नाही, फक्त एक फाइल जास्त. आणि एक माणूस, जो आधीपासून तिथं असतो. आमच्याकडे तो शाहपूरकडचा होता, वयानं माझ्या वडिलांएवढा, सगळे त्याला काका म्हणत. आधी बॉयलरवर लाकडं टाकायचा, गुडघे गेले म्हणून त्याला ईटीपीवर बसवला. कारखान्यात ज्याचं दुसरीकडे काही जमत नाही त्याला ईटीपीवर पाठवायची पद्धत आहे, आणि ती फक्त आमच्याच गावची नाही.

काकाला बीओडीचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं. पण सकाळी हवेच्या टाकीच्या कठड्यावर उभं राहून तो नुसता वास घ्यायचा आणि सांगायचा, "आज ठीक हाये," किंवा "रात्री बत्ती गेल्ती वाटते." चांगल्या टाकीला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. हवा बंद पडून जीवाणू गुदमरले की तोच वास कुजक्या अंड्याकडे जातो. मग तो एक लिटरचा मोजपात्राचा नळा भरून घ्यायचा आणि अर्धा तास ठेवून द्यायचा. चॉकलेटी गाळ हळूहळू खाली बसतो, वर स्वच्छ पाणी सुटतं. गाळ तीनशे मिलिलिटरच्या खुणेपाशी घट्ट बसला आणि वरचं पाणी नितळ असलं की काका बिडी पेटवायचा. गाळ फुगून आठशेवरच अडकला की बिडी खिशातच. माझा तीन दिवसांनी येणारा बीओडीचा आकडा आणि काकाचा अर्ध्या तासाचा निकाल यांच्यात मोठा फरक पडल्याचं मला फारसं आठवत नाही.

दिवाळीत कारखाना आठ-दहा दिवस बंद. सगळे सुट्टीवर, फक्त टाकीतले जीवाणू नाहीत. त्यांना रोजचं खाणं हवं, आणि बंद कारखान्यातून सांडपाणी येणार कुठून? या काळात काका टाकीत गूळ कालवून टाकायचा, थोडा युरिया, थोडं डीएपी आणि अधूनमधून पाटीभर ताजं शेण. गुळाचा खर्च कुठल्या खात्यात दाखवायचा यावरून मुनीमजींचं आणि माझं दर वर्षी वाजायचं. त्यांच्या मते कारखान्यात गूळ लागायचं कारण नाही, तो कुणीतरी घरी नेत असणार. शेवटी आम्ही त्याला 'केमिकल' म्हणायला लागलो, तेव्हा तो बिनबोभाट मंजूर झाला.

आता कागदांकडे. 1974 चा पाणी कायदा राज्यांनी ठराव करून मागितला म्हणून संसदेनं केला. ठराव करणाऱ्या पहिल्या राज्यांत आमचा मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता, कारण महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1969 चाच होता आणि त्याखाली त्यांचं प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 च्या सप्टेंबरात उभंही राहिलं होतं. केंद्राचा कायदा महाराष्ट्रानं 1981 साली स्वीकारला. म्हणजे मधली काही वर्षं तापी इच्छापूरच्या पलीकडे महाराष्ट्रात गेली की तिच्यावरचा कायदा बदलायचा. माझी मावशी रावेर तालुक्यात दिली आहे. आमच्या घाटाखालून गेलेलं पाणी पुढं हतनूरच्या धरणात साठतं. त्या बाजूची लग्नं, बारशी, केळीचे व्यापार सगळे आमच्याशी जोडलेले, तेव्हा बऱ्हाणपुरात कुणी "पुढे गेलं म्हणजे सुटलं" असं म्हटलं की मला मावशीचा नळ दिसतो. मंडळं दोन, राज्यं दोन, भाषासुद्धा फायलीत हिंदी आणि घरात मराठी, पण पाण्याला यातलं काही ठाऊक नाही.

कायद्यानं कारखान्यांना रंग दिले ते नंतर. केंद्रीय मंडळाच्या 2016 च्या वर्गवारीत प्रदूषणाचा निर्देशांक काढून 60 आणि त्यावरचा लाल, 41 ते 59 नारिंगी, 21 ते 40 हिरवा आणि 20 पर्यंतचा पांढरा ठरला. ब्लीच आणि रंगाई करणारा लाल, नुसता विणणारा हलक्या वर्गात. कागदावर हे रास्तच आहे, लूममधून पाणी बाहेर पडत नाही. पण खळ दिली जाते ती लूमसाठी. गल्लीतल्या लूमवाल्याचं पाप लाल रंगाच्या फायलीत जमा होतं आणि सायझिंगवाला मधल्या मधे आपल्या बॉयलरच्या धुराबद्दल बोलणी खातो. मी एकदा सायझिंगवाल्यांना सुचवलं होतं की खळीचं प्रमाण दोन टक्क्यांनी कमी करून बघा. त्यांनी मला लूमवाल्यांकडे पाठवलं, लूमवाल्यांनी सूत तुटतं म्हणून पुन्हा सायझिंगकडे. प्रोसेसवाल्यानं तर हात वर केले, त्याला मिळेल ते कापड घ्यावं लागतं. तिघांचे परवाने वेगळे, त्यामुळे तिघांना एका टेबलाशी बसवायचा अधिकार कुठल्याच नियमात नाही. मला विचाराल तर या सगळ्या यंत्रणेत हीच सगळ्यात मोठी फट आहे. माल तिघांच्या हातांतून जातो आणि हिशेब शेवटच्याकडे मागितला जातो.

आवाजाचं तर विचारूच नका. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल हा 2000 सालचा नियम. ज्या गल्ल्यांत लूम घरातच आहेत, तिथं हा आकडा सांगायला सुद्धा ओरडावं लागतं.

निरीक्षणाला साहेब येतात तेव्हा कारखान्यात जे घडतं त्याबद्दल लोकांच्या मनात सिनेमातली चित्रं असतात. प्रत्यक्षात ते काम बरंच कंटाळवाणं असतं. कलम 21 प्रमाणे नमुना घ्यायची नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्ही बाटल्यांवर सील, दोघांच्या सह्या. साहेब बाटली भरेपर्यंतच्या पाच मिनिटांत जे पाणी येतं तेच त्या कारखान्याचं नशीब. मला भेटलेले बहुतेक अधिकारी दमलेले होते. एका माणसाकडे दोन-तीन जिल्हे, रस्ते असे आणि त्यावर कोर्टाच्या तारखा. त्यातला एक मात्र टाकीकडे गेलाच नाही. त्यानं आधी लॉगबुक मागितलं, पानं उलटली आणि मला दाखवलं: महिनाभर दर तासाला पीएच 7.2, सगळ्या ओळी एकाच पेनानं, एकाच बसकीत. मग म्हणाला, "चलिए, अब बिजली का मीटर देखते हैं." ईटीपीला वेगळा मीटर बसवायची अट परवान्यात असते. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चालला असेल तर युनिट जळतात. मीटर सहसा खोटं बोलत नाही, कारण त्याचं बिल भरावं लागतं. ते लॉगबुक ज्या ठिकाणचं होतं तिथल्या मालकाला त्या दिवशी फार बोलावं लागलं. मी त्या अधिकाऱ्याची पद्धत उचलली ती आजतागायत. कुठंही नवीन काम घेतलं की आधी बारा महिन्यांची विजेची बिलं मागतो, पर्यावरणाची फाइल नंतर.

तीस सप्टेंबरच्या आधीचे दिवस माझ्या धंद्यात सुगीचे. पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, 31 मार्चला संपलेल्या वर्षाचा त्या तारखेपर्यंत भरायचा असतो. हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा फॉर्म, आणि माझ्या मते सगळ्या कागदांत शहाणा हाच. त्यात विचारतात, एका एककामागे पाणी किती लागलं, मागच्या वर्षी किती, यंदा किती. कच्चा माल किती. आणि पुढं एका रकान्यात, प्रदूषण कमी करायला जे केलं त्याचा उत्पादनखर्चावर काय परिणाम झाला. कुणी मन लावून भरला तर सेठला आपला कारखाना पहिल्यांदा आकड्यांत दिसेल. पण बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीचा फॉर्म उघडतात, वर्ष बदलतात आणि पाण्याचा आकडा दोन टक्क्यांनी कमी करतात. अशा कागदी बचतींची बेरीज केली तर कित्येक कारखाने आतापर्यंत बिनपाण्याचे चालायला लागले असते.

भीती कशाची वाटते हे मी जवळून पाहिलं आहे. भोपाळच्या 1984 च्या वायुगळतीनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. लहान कारखानदाराला ती कैद कधी खरी वाटलीच नाही. त्याला खरं वाटायचं ते पाणी कायद्याचं कलम 33ए, ज्याखाली मंडळ थेट वीज तोडायला सांगू शकतं. आता 1 एप्रिल 2024 पासून 1986 च्या कायद्यातल्या त्या कैदेच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला आहे, आणि त्यावर शहरातल्या मंडळींनी बरीच टीकाही केली. माझा अनुभव जरा वेगळा आहे. खरा फरक पडला तो राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांमुळे केंद्रीय मंडळानं नुकसानभरपाईचं जे सूत्र आणलं त्यानं. लाल वर्गाला 80 हा निर्देशांक, त्याला 250 रुपयांनी गुणायचं, लहान कारखान्याला अर्धा गुणक, दहा लाखांखालच्या वस्तीच्या गावाला एक. 80 गुणिले 250 गुणिले 0.5, म्हणजे रोजचे 10 हजार रुपये, आणि जितके दिवस नियम मोडला तितक्यांनी गुणा. हे गणित मी एका सेठच्या गल्ल्यावर बिलाच्या पाठीमागं करून दाखवलं. ते काही वेळ कागदाकडे बघत राहिले. मग ब्लोअर रात्रभर चालवायला किती युनिट लागतात ते विचारलं, कॅल्क्युलेटर काढला आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला बोलावणं धाडलं. त्याआधी त्या माणसाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

गाळाची कथा लांब आहे, थोडक्यात सांगतो. चुना-फटकरी घालून बसवलेला रासायनिक गाळ हा घातक कचरा, अनुसूचीत 35.3 क्रमांकावर. नव्वद दिवसांत तो पिथमपूरच्या केंद्रावर जायला हवा, सोबत वाहतुकीचा फॉर्म दहा. बऱ्हाणपूरहून इंदूरकडे अर्धा ट्रक पाठवणं कुणाला परवडत नाही, म्हणून गोण्या शेडमध्ये साठत जातात आणि शेड भरलं की तारखा बदलत जातात. 2025 च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा त्याच पिथमपूरला नेला आणि जूनअखेरपर्यंत जाळला, तेव्हा टीव्हीवर ती बातमी बघून आमच्या एका मालकानं मला फोन केला, "आपला माल पण तिथंच जातो काय?" हो म्हटल्यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि पुढच्याच आठवड्यात चार गोण्या कमी आहेत की काय ते मोजायला लावलं.

आमच्या गावाला पाण्याचा अभिमान फार. तो खोटाही नाही. 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या उतारावरचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून गावात आणलं, कुठं पंप नाही, नुसता उतार. तो कुंडी भंडारा आजही वाहतो, 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नाव लागलं. 2022 च्या जुलैत हर घर जल प्रमाणित झालेला देशातला पहिला जिल्हाही आमचाच. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना कुंडीत उतरवतो. भिंतींवर चुन्याचे थर धरलेले, पाणी गार आणि चक्क गोड. वर येताना मनात नेहमी एकच येतं, आलेल्या पाण्याच्या इतक्या गोष्टी या गावानं जपल्या, गेलेल्या पाण्याची एकही नाही. दुसरीकडे केंद्रीय मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत तापीचा नेपानगर ते बऱ्हाणपूर हा पट्टा आहे. यादीत कारखान्यांची नावं नसतात, पट्ट्याचं असतं, आणि ते योग्यच, कारण नाल्यात घरांचं, दवाखान्यांचं, प्रोसेसचं पाणी एकत्र झालं की कुणाचं किती हे नदीच्या काठावर उभं राहून कुणी सांगू शकत नाही. पण म्हणूनच कारखानदार पालिकेकडे बोट दाखवतो, पालिका कारखान्यांकडे. मी दोन्ही बाजूंच्या बैठकांना बसलो आहे. चहा दोन्हीकडे चांगला असतो.

काका आता नाही. त्याच्या जागी आला तो त्याच्याच गावचा पोरगा, आयटीआय झालेला, फोनवर सगळं बघणारा. पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलं, "साहेब, हे गुळाचं मॅन्युअलमध्ये तं कुठंच नाही." नव्हतंच. मॅन्युअल पुण्याच्या कंपनीनं इंग्रजीत लिहिलेलं, कपाटात कुलूपबंद. मी त्याला म्हटलं, तू लिही. त्यानं वहीच्या मागच्या पानांवर मराठी-हिंदी मिसळून लिहायला घेतलं: रात्री बत्ती गेली तर आधी काय बघायचं, गाळ फुगला तर कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवायचा, खळीचं पाणी एकदम आलं तर हौदातून थोडं थोडं कसं सोडायचं. त्या वहीच्या झेरॉक्स आता बहादरपूरच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी गेल्या आहेत.

गेल्या हिवाळ्यापासून महिन्यातल्या एका रविवारी मी काही कारखान्यांच्या ऑपरेटरांना एकत्र बोलावतो. मालकांची परवानगी मिळवायला बराच वेळ गेला, त्यांना वाटलं मी युनियन काढतो आहे. प्रत्येक जण आपापल्या टाकीतला गाळ बाटलीत आणतो, एका ओळीत नळे मांडतो आणि अर्धा तास कुणाचा चांगला बसतो याची चुरस लागते. परवा दोघांचं चांगलंच जुंपलं. एकाचा गाळ मस्त बसला होता, दुसरा म्हणाला तू काल रात्री टाकी ढवळलीच नाहीस, वरचंच घेऊन आलास. मग दोघंही मोटारसायकलवर बसून खरोखर ती टाकी बघायला गेले. बाकीच्यांनी तोवर लॉगबुकं काढली. रात्री वीज गेली तर तास कोरा सोडायचा की काय लिहायचं, यावर त्यांना मी सांगितलं: वीज गेल्याची वेळ लिहा, आल्याची वेळ लिहा आणि मीटरचा आकडा लिहा. एकानं हात वर केला. "अन् सेठनं खोडायला सांगितलं तं?" उत्तर मी त्यांना एकदम दिलं नाही. पुढच्या रविवारी सेठ लोकांनाही बोलवायचं ठरलं आहे, किती येतात ते बघू.